ऑग्मेंटेड कॉर्डचे शिक्षण : पश्चिम भारतातील जॅझ गिटार व हार्मनीच्या स्वीकाराचा इतिहास (१९३५ ते १९७८)

सारांश

विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईतील वादकांनी जॅझ संगीतातील प्रगत कॉर्ड आत्मसात केल्या. या वादकांत गोमंतकीयांची संख्या लक्षणीय होती. कोणत्याही विद्यापीठाने वा संगीत विद्यालयाने हे ज्ञान अभ्यासक्रम म्हणून दिलेले नव्हते. प्रस्तुत शोधनिबंधात 'ऑग्मेंटेड' या एका कॉर्डच्या आधारे या शिक्षणप्रक्रियेचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. त्याचबरोबर कोल्हापूर परिसराच्या संगीतपरंपरेशी तिची तुलना केली आहे. पाश्चात्त्य वाद्ये येताच हार्मनी आपोआप येत नाही. त्यासाठी समविभाजित स्वरांचे वाद्य, स्वरलेखनाची साक्षरता आणि समूहवादनाची रोजगारपेठ या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात, असा या निबंधाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

बीजसंज्ञा : ऑग्मेंटेड कॉर्ड, हार्मनी, जॅझ, गिटार, गोमंतकीय वादक, हार्मोनियम, श्रुती, चित्रपटसंगीत.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास प्रामुख्याने घराणी, नाट्यसंगीत, भावगीत आणि लोकसंगीत या चार अंगांनी लिहिला गेला आहे. कोल्हापूरपुरते बोलावयाचे तर राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय, उस्ताद अल्लादियाखाँ यांचे येथील वास्तव्य, देवल क्लबची परंपरा आणि पुढे चित्रपटसृष्टी या टप्प्यांची चर्चा विपुल झाली आहे. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीच्या परिसरातील सांगवडे हे गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांचे जन्मगाव. हार्मोनियमला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या वादकांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. कोल्हापुरातील प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटाचे संगीतही त्यांचेच. युरोपीय बनावटीच्या वाद्याला भारतीय रागसंगीतात कसे सामावून घेतले गेले, याचे ते ठळक उदाहरण होत.

मात्र याच काळात मुंबईत आणखी एक वर्ग पाश्चात्त्य वाद्ये हाताळीत होता. त्याने त्या वाद्यांबरोबर त्यांच्यामागील हार्मनीचे शास्त्रही उचलले. हॉटेलांतील नृत्यवाद्यवृंद आणि चित्रपटांचे ध्वनिमुद्रण ही त्याची कार्यक्षेत्रे होती. या वादकांच्या ज्ञानाची नोंद आपल्या सांस्कृतिक इतिहासात दीर्घकाळ झाली नाही. ग्रेगरी बूथ यांचा 'बिहाइंड द कर्टन' (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचा 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या ग्रंथांमुळे हा विषय अभ्यासकांसमोर आला. तरीही या वादकांनी नेमके काय शिकून घेतले व ते शिकणे कठीण का होते, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घेण्याजोगा आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) ऑग्मेंटेड कॉर्डची रचना भारतीय स्वरसंज्ञांच्या आधारे स्पष्ट करणे. (२) ही कॉर्ड आत्मसात करण्यासाठी आवश्यक ठरलेल्या ऐतिहासिक परिस्थितीचा शोध घेणे. (३) दक्षिण महाराष्ट्रातील हार्मोनियम व श्रुतिविषयक चर्चेशी तिची तुलना करणे. (४) या ज्ञानपरंपरेच्या विस्मरणाची कारणे पाहणे. निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रकाशित ग्रंथ आणि ध्वनिमुद्रिकांविषयी उपलब्ध माहिती यांवर आधारलेले आहे.

३. ऑग्मेंटेड कॉर्ड : स्वरूप व अडचण

एकाच वेळी वाजविलेल्या तीन वा अधिक स्वरांच्या समूहास कॉर्ड म्हणतात. सा, शुद्ध ग आणि प हे तीन स्वर एकत्र वाजविले की मेजर कॉर्ड होते. तिच्यातील पंचम अर्ध्या स्वराने चढवून कोमल धैवतावर नेला की ऑग्मेंटेड कॉर्ड तयार होते. म्हणजेच सा, शुद्ध ग, कोमल ध हे तिचे घटक होत. हे तिन्ही स्वर महाराष्ट्रातील श्रोत्यास अपरिचित नाहीत. भैरव रागात ते तिन्ही आहेत. फरक असा की, रागात ते कालक्रमाने, एकामागून एक येतात व षड्जाच्या संदर्भात आपला अर्थ मिळवितात. कॉर्डमध्ये ते एकाच क्षणी ऐकू येतात. त्यामुळे त्यांच्यातील परस्परसंबंधालाच अर्थ प्राप्त होतो.

या कॉर्डचे वैशिष्ट्य तिच्या सममितीत आहे. सा ते ग चार अर्धस्वर, ग ते कोमल ध चार अर्धस्वर आणि कोमल ध ते तार सा पुन्हा चार अर्धस्वर असे सप्तकाचे तीन समान भाग पडतात. परिणामी तिन्ही स्वरांपैकी कोणताही आधारस्वर मानता येतो. बारा स्वरांवर बारा ऑग्मेंटेड कॉर्ड होतील असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु प्रत्यक्षात भिन्न अशा चारच संभवतात. ज्या कॉर्डला स्वतःचे घर नाही, ती ऐकणाऱ्याला अधांतरी ठेवते, आणि हाच तिचा उपयोग होय. तिच्यातील एकच स्वर अर्ध्या स्वराने उतरविला तर तीन वेगवेगळ्या मेजर कॉर्ड मिळतात. एकच स्वर अर्ध्या स्वराने चढविला तर तीन मायनर कॉर्ड मिळतात. एका दारातून सहा खोल्यांत जाता यावे, अशी ही व्यवस्था आहे. कार्ल फ्रीड्रिख वाइट्समान या जर्मन सिद्धांतकाराने १८५३ मध्ये या कॉर्डवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. लिस्ट यांच्या 'फाउस्ट सिंफनी'त ती प्रारंभीच्या स्वरवाक्याचा पाया झाली. पुढे दब्यूसी यांनी पूर्ण स्वरांच्या अंतराने चालणारी सहा स्वरांची पंक्ती वापरली. या पंक्तीत दोन ऑग्मेंटेड कॉर्ड सामावलेल्या असतात. कर्नाटक पद्धतीतील गोप्रिया रागाचे स्वर याच पंक्तीचे आहेत, परंतु तेथेही त्यांचा उपयोग रागविस्तारासाठी होतो.

येथे एक मूलभूत अडचण आहे. शुद्ध गांधार नैसर्गिक श्रुतीनुसार षड्जाच्या ५/४ पट कंपनसंख्येचा असतो. अशी तीन अंतरे एकावर एक रचली तर १२५/६४ हे गुणोत्तर मिळते, तर तार षड्जासाठी १२८/६४, म्हणजे २ हे गुणोत्तर हवे. सप्तक १२०० सेंटचे मानल्यास ही तूट सुमारे ४१ सेंटची आहे. याचा अर्थ असा की, नैसर्गिक श्रुतींच्या व्यवस्थेत ऑग्मेंटेड कॉर्डची सममिती अस्तित्वातच येत नाही. सप्तकाचे बारा समान भाग करून प्रत्येक 'सा-ग' अंतर ३८६ ऐवजी ४०० सेंटचे केले, तरच वर्तुळ पूर्ण होते. ही कॉर्ड आज ज्या अर्थाने वापरली जाते तो अर्थ समविभाजित सप्तकाने दिलेला आहे.

४. दक्षिण महाराष्ट्रातील श्रुतिचर्चा आणि हार्मोनियम

विशेष म्हणजे, या गणिताची चर्चा पश्चिम भारतात जॅझ येण्यापूर्वीच झाली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती यांविषयी इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी त्यांचे काम पुढे नेले व १९१३ मध्ये भारतीय संगीताच्या अभ्यासाची प्रस्तावना लिहिली. या उपक्रमातून श्रुतिहार्मोनियम तयार करून घेण्यात आला. समविभाजित स्वरांमुळे रागांतील सूक्ष्म स्वरस्थाने बिघडतात, म्हणून वाद्यच बदलावे, ही त्यामागील भूमिका होती. त्यांचे गणित अचूक होते. परंतु ज्या तडजोडीला ते दोष मानीत होते, तीच तडजोड हार्मनीच्या दृष्टीने संपूर्ण इमारतीचा पाया होती. एकच ४१ सेंटची तूट एका परंपरेला विकृती वाटली, तर दुसरीला ती किंमत मोजूनच कोणत्याही स्वरावरून कोणत्याही स्वराकडे जाण्याची मुभा मिळाली.

हा वाद पुढे शासकीय धोरणातही उतरला. आकाशवाणीने १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस अंशतः शिथिल झाली. मींड घेता न येणे आणि स्थिर, समविभाजित स्वर हे त्यामागील प्रमुख आक्षेप होते. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीतास अग्रक्रम दिला आणि चित्रपटगीतांच्या प्रसारणावर मर्यादा आणल्या. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांच्या धोरणामुळे शास्त्रीय कलावंतांना राजाश्रयानंतरचा मोठा आधार मिळाला, हे निर्विवाद आहे. मात्र त्याच धोरणात हार्मनीयुक्त संगीत हे 'शिकण्याची' गोष्ट म्हणून मान्यता पावले नाही, हेही तितकेच खरे.

हार्मोनियम घराघरांत, भजनी मंडळांत आणि नाटक कंपन्यांत पोहोचलेला असूनही त्यातून हार्मनी का उगवली नाही, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. हार्मोनियमच्या पट्ट्यांवर सा, ग व कोमल ध एकाच वेळी दाबणे शारीरिकदृष्ट्या सहज शक्य आहे. तरीही टेंबे यांच्यासारख्या प्रज्ञावंत वादकाची दिशा गायकीचे अनुसरण ही होती. वाद्याचे काम कंठाची सावली होणे हे होते. त्या सौंदर्यदृष्टीत एका स्वराखाली दुसरा स्वर उभा करण्याची गरजच निर्माण होत नव्हती. दुसरे उदाहरण लग्नाच्या वरातीतील बँडचे देता येईल. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम ही सर्व वाद्ये युरोपीय असूनही बँडमध्ये बहुतांशी सर्वजण एकच चाल वाजवितात. या दोन उदाहरणांवरून असे दिसून येते की, वाद्याचे स्थलांतर आणि संगीतविचाराचे स्थलांतर या दोन भिन्न प्रक्रिया आहेत.

प्रभातचे संगीतकार केशवराव भोळे हे या बाबतीत लक्षणीय अपवाद होत. पाश्चात्त्य वाद्यमेळाविषयी त्यांना जिज्ञासा होती. पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार यांचा वापर त्यांनी बोलपटाच्या आरंभकाळात केला. 'कुंकू' (१९३७) मध्ये शांता आपटे यांच्याकडून लाँगफेलोची इंग्रजी कविता गाऊन घेण्याचे धाडसही त्यांच्याच संगीतात झाले. परंतु तोपर्यंत प्रभात कोल्हापूर सोडून (१९३३) पुण्यास गेली होती. कोल्हापुरात उरलेल्या चित्रपटव्यवसायाने पुढे ग्रामीण व तमाशाप्रधान चित्रपटांची वाट धरली. त्याच्या संगीतात ढोलकी आणि लावणीचा ठेका केंद्रस्थानी राहिला. त्या संगीताची श्रेष्ठता वादातीत आहे, पण त्याची गरज वेगळी होती.

५. गोमंतकातील पाया

हार्मनी शिकण्यासाठी आवश्यक असलेली दुसरी अट, म्हणजे स्वरलेखनाची साक्षरता, गोमंतकात शतकानुशतके तयार होत आली होती. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या पारोकियल शाळांमधून मुलांना सोल्फेज, गायन व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळे. पाच रेघांवरील लिपी पाहताक्षणी गाता वा वाजविता येणे हे त्या शिक्षणाचे फलित होते. प्रार्थनासंगीतात अनेक स्वररेषा एकत्र गायिल्या जात असल्याने 'माझा स्वर दुसऱ्याच्या स्वराच्या संदर्भात कोठे आहे' हे भान लहानपणीच येई. उपजीविकेसाठी मुंबईस आलेले हे तरुण धोबीतलाव परिसरातील गावोगावच्या 'कुडां'मध्ये राहत. याच भागातील फुर्तादो (स्थापना १८६५) या दुकानात छापील स्वरलिपी व वाद्ये मिळत.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आणि पं. विष्णु नारायण भातखंडे या दोघा महाराष्ट्रीय आचार्यांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी स्वरलिपी निर्माण केल्या व संगीतशिक्षणाचे लोकशाहीकरण केले. मात्र त्या लिपी एकाच स्वररेषेची नोंद करण्यासाठी घडविलेल्या होत्या. चार वाद्यांनी एकाच क्षणी कोणते चार स्वर वाजवावेत, हे कागदावर एकाखाली एक दिसण्याची सोय स्टाफ नोटेशनमध्ये मुळातच होती. लिपीने विचाराला मर्यादा व दिशा दोन्ही दिल्या.

६. हॉटेल, नृत्यवाद्यवृंद आणि जॅझ

१९३५ च्या अखेरीस लिऑन अॅबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी ही परंपरा पुढे चालविली. वेदरफोर्ड यांचे १९४५ मध्ये कलकत्त्यात निधन झाले. या वाद्यवृंदांच्या सान्निध्यात स्थानिक वादकांना जॅझचे प्रत्यक्ष शिक्षण मिळाले. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजत होता. आल्दोना येथे जन्मलेले अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, कुडचडेचे फ्रँक फर्नांड, पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन ही त्या पिढीतील ठळक नावे.

या वाद्यवृंदांत गिटारचे स्थान प्रारंभी दुय्यम होते. प्रत्येक मात्रेवर कॉर्डचा आघात देऊन ठेका सांभाळणे एवढेच तिचे काम. अमेरिकेत चार्ली ख्रिश्चन यांनी १९३९ ते १९४१ या अल्पकाळात बेनी गुडमन यांच्याबरोबर विद्युत् गिटार वाजवून तिला स्वतंत्र आवाज दिला. ध्वनिमुद्रिकांतून तो आवाज भारतात पोहोचला. १९५५ पासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वरील विलिस कोनोव्हर यांचा जॅझ कार्यक्रम हा अनेकांचा रात्रीचा वर्ग ठरला. शीतयुद्धकालीन सांस्कृतिक राजनीतीचा भाग म्हणून डेव्ह ब्रूबेक (१९५८) आणि ड्यूक एलिंग्टन (१९६३) यांचे भारतदौरे झाले. ब्रूबेक यांनी मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वादन केले. शिक्षणाची साधने अशी विखुरलेली होती. थोडे कागदावरून, बरेचसे कानाने आणि उरलेले शेजारी बसलेल्या वादकाच्या हातांकडे पाहून शिकावयाचे, असा तो क्रम होता.

७. गिटारवरील प्रत्यक्ष शिक्षणक्रम

गिटारच्या मानेवर पडदे समविभाजित अंतरांनी बसविलेले असतात. सहा तारांपैकी दुसरी व तिसरी या जोडीत चार अर्धस्वरांचे, तर इतर लगतच्या जोड्यांत पाच अर्धस्वरांचे अंतर असते. या विषमतेमुळे सामान्य कॉर्डची बोटांची ठेवण तारांचा संच बदलला की बदलावी लागते. ऑग्मेंटेड कॉर्डच्या बाबतीत मात्र तिच्या सममितीचा लाभ मिळतो. चौथ्या तारेवर सहावा, तिसऱ्या व दुसऱ्या तारेवर पाचवा आणि पहिल्या तारेवर चौथा पडदा दाबला तर ही कॉर्ड मिळते. हीच ठेवण चार पडदे वर सरकविली तर तेच तीन स्वर केवळ क्रम बदलून पुन्हा मिळतात. आणखी चार पडदे सरकविल्यास पुन्हा तेच. विद्यार्थ्यास एका ठेवणीत तीन जागा मिळतात. शिक्षणातील पहिला टप्पा या सोयीमुळे सुलभ होतो. मात्र त्यातच पुढची अडचण दडलेली असते. हाताला कॉर्ड सापडते, पण तिन्ही जागा सारख्याच ऐकू येत असल्याने आपण कोणत्या स्वरावर उभे आहोत हे कानाला उमगत नाही.

दुसऱ्या टप्प्यात ही कॉर्ड दोन कॉर्डमधील दुवा म्हणून शिकविली जाते. सा-ग-प, त्यानंतर सा-ग-कोमल ध, त्यानंतर सा-ग-शुद्ध ध असा क्रम वाजविला असता वरचा स्वर पायरी-पायरीने चढत जातो व खालचे दोन स्थिर राहतात. तिसऱ्या टप्प्यात तिच्यात कोमल निषाद मिसळतो. सा, ग, कोमल ध, कोमल नि ही कॉर्ड शुद्ध मध्यमाकडे जाण्याची तीव्र ओढ निर्माण करते. ग अर्धा स्वर चढून मध्यमावर येतो, कोमल ध चढून शुद्ध धैवतावर येतो आणि कोमल नि उतरून त्याच धैवतावर मिळतो. चौथ्या टप्प्यात शुद्ध निषादयुक्त ऑग्मेंटेड कॉर्ड, तीत ऋषभाची भर आणि तीव्र मध्यमाचा रंग असे विस्तार येतात. येथे गिटारवादकास त्याग शिकावा लागतो. सहा स्वरांची कॉर्ड चार बोटांनी पूर्ण वाजविता येत नाही आणि वाजविण्याची गरजही नसते. आधारस्वर बेसवादकाकडे सोपवून ज्या स्वरांनी कॉर्डची ओळख पटते तेवढेच ठेवावयाचे, हे विवेकाचे काम आहे. मिकी बेकर यांचे १९५५ मधील पाठ्यपुस्तक आणि टेड ग्रीन यांचे 'कॉर्ड केमिस्ट्री' (१९७१) यांनी गिटारवरील अशा कॉर्डचे शिक्षण ग्रंथबद्ध केले. जॉन कोल्ट्रेन यांनी १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या 'जायंट स्टेप्स'मध्ये तर संपूर्ण रचनाच सप्तकाचे तीन समान भाग करणाऱ्या तीन आधारस्वरांवर उभी केली. एका कॉर्डची आकृती तेथे रचनेचा नकाशा झाली.

८. आमान्सियो डिसिल्वा : एक उदाहरण

गोमंतकीय कुटुंबातील, १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले गिटारवादक आमान्सियो डिसिल्वा हे या परंपरेतील महत्त्वाचे उदाहरण होय. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला गेले. 'इंटिग्रेशन' (१९६९) या ध्वनिमुद्रिकेत त्यांच्यासमवेत इयन कार व डॉन रेंडेल हे अग्रगण्य ब्रिटिश जॅझ वादक होते. त्याच वर्षी जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर 'हम दोनो' प्रसिद्ध झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित झालेली 'कोकण डान्स' प्रत्यक्षात २००६ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर (१९९६) दहा वर्षांनी बाजारात आली. डिसिल्वा यांच्या वादनात एका स्थिर स्वराभोवती फिरणारी भारतीय वळणाची स्वररेषा आणि जॅझच्या कॉर्डचे ज्ञान एकत्र नांदतात. ज्याला या दोन्ही व्यवस्थांचे नियम ठाऊक आहेत, तोच त्यांच्यातील सीमारेषेवर उभा राहू शकतो, हे त्यांच्या वादनातून स्पष्ट होते. कलकत्त्यातील कार्लटन किटो (निधन २०१६) यांनीही ध्वनिमुद्रिका ऐकून बीबॉप शैलीचे गिटारवादन आयुष्यभर जोपासले. या दोघांपैकी एकास देश सोडल्यावर ओळख मिळाली, तर दुसऱ्याची व्यापक दखल उत्तरायुष्यात त्यांच्यावर माहितीपट निघाला तेव्हा घेतली गेली.

९. चित्रपटसृष्टी : रोजगार आणि अनामिकता

मुंबई मद्यनिषेध कायदा १९४९ मध्ये संमत झाला. त्यानंतर हॉटेलांतील संगीताच्या अर्थकारणास मोठा धक्का बसला. अनेक वादकांनी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचा आश्रय घेतला. पुणतांबे येथे जन्मलेले सी. रामचंद्र (१९१८-१९८२) यांनी पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्या परंपरेत संगीताचे धडे घेतले होते. 'शहनाई' (१९४७) व 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांत त्यांनी जॅझचे वळण आणले. त्यामागे चिक चॉकलेट यांचे सहकार्य होते. लाहोरमध्ये वाद्यवृंद चालविलेले व फाळणीनंतर मुंबईस आलेले सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या चालींभोवती हार्मनीचे विणकाम केले. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून रागावर आधारित वाद्यवृंदरचनांचा प्रयोग केला.

कामाची विभागणी साधारणतः अशी असे. संगीतकार चाल बांधी, ती सरगममध्ये वा कंठातून सांगे, आणि अरेंजर तिच्याखाली कोणत्या कॉर्ड बसतील हे ठरवून प्रत्येक वाद्यासाठी स्वरलिपी लिही. रागाच्या स्वरांना धक्का न लावता कॉर्ड निवडणे हे अत्यंत कौशल्याचे काम होते. चालीत कोमल धैवत व शुद्ध गांधार असतील तर ऑग्मेंटेड कॉर्डचा मार्ग खुला होतो. चालीत पंचमावर विश्रांती असेल तर तीच कॉर्ड कर्कश ठरते. हा निर्णय घेण्यासाठी राग आणि हार्मनी दोन्ही कळावे लागतात. असे असूनही श्रेयनामावलीत अरेंजरचे नाव बहुधा 'साहाय्यक' म्हणून येई आणि वादकांची नावे येतच नसत. ध्वनिमुद्रण संपल्यावर त्या हस्तलिखितांच्या पद्धतशीर जतनाची व्यवस्थाही निर्माण झाली नाही. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला परिचित झाले ते 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गाण्यामुळे. प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक होते. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला. जॅझला प्रतिष्ठित व्यासपीठ लाभले खरे, पण तोपर्यंत नृत्यवाद्यवृंदांचे युग ओसरले होते.

१०. निष्कर्ष

१. ऑग्मेंटेड कॉर्ड ही समविभाजित सप्तकाची निर्मिती आहे. देवल व क्लेमेंट्स यांनी ज्या तडजोडीस विरोध केला, तिच्यावरच तिचे अस्तित्व अवलंबून आहे. त्यामुळे श्रुतिवाद व हार्मनी यांतील मतभेद केवळ देशी-विदेशी असा नसून तो स्वरव्यवस्थेच्या तत्त्वाचा मतभेद आहे.

२. समविभाजित वाद्य (हार्मोनियम), युरोपीय वाद्ये व रोजगार (बँड) या गोष्टी सुट्या सुट्या उपलब्ध असतानाही महाराष्ट्राच्या अंतर्भागात हार्मनी रुजली नाही. गोमंतकीय वादकांच्या बाबतीत वाद्य, लिपी व पेठ यांचा संगम झाला आणि म्हणून ती रुजली. यात कोणत्याही परंपरेच्या कनिष्ठतेचा प्रश्न नाही. प्रत्येक परंपरेने आपल्या गरजेपुरतेच साधन घेतले.

३. या वादकांचे शिक्षण औपचारिक नसले तरी ते शिस्तबद्ध होते. पदवी, घराणे वा ग्रंथ यांपैकी काहीही पाठीशी नसल्यामुळे ते 'विद्वान' ठरले नाहीत, 'वाजवणारे' ठरले. ज्ञान आणि कारागिरी यांत आपल्या सांस्कृतिक इतिहासाने केलेला हा भेद पुन्हा तपासून पाहणे आवश्यक आहे.

४. चित्रपट व हॉटेल संगीताच्या हस्तलिखित स्वरलिपी, वादकांच्या वह्या आणि मौखिक आठवणी हे या इतिहासाचे प्रमुख साधन होय. त्या पिढीतील बहुतेक वादक आज हयात नाहीत. महाविद्यालयांतील इतिहास व संगीत या विभागांनी एकत्रितपणे स्थानिक पातळीवर, कोल्हापुरातील चित्रपटवादक व गावोगावचे बँडवादक यांच्यासह, हे संकलन हाती घेतल्यास आंतरविद्याशाखीय संशोधनास ठोस आधार मिळेल. उशीर झाल्यास केवळ ध्वनिमुद्रिका उरतील. त्या काय वाजले हे सांगू शकतील, परंतु ते कोणी, कोणाकडून आणि कसे शिकले हे सांगू शकणार नाहीत.